गोळाफेक: पॅरिसचं २०.०० चं सुवर्ण आणि आमच्या भिंतीवरचा २२.६३

वर्तुळातली | १० ऑगस्ट २०२४

काल रात्री अकरानंतर पॅरिस ऑलिंपिकची महिला गोळाफेकीची अंतिम फेरी पाहिली. घरातले सगळे झोपले होते, टीव्हीचा आवाज बंद. न्यूझीलंडची मॅडिसन-ली वेशे १९.८६ मीटरवर पहिली होती. जर्मनीची येमिसी ओगुनलेये शेवटच्या फेकीसाठी वर्तुळात आली. पाठ मैदानाकडे, गोळा मानेत रुतवलेला, डावा हात सैल. गर्रकन फिरली, गोळा सुटला आणि ती वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या बोर्डाच्या आत एका पायावर तोल सावरत राहिली. पांढरं निशाण. आकडा आला २०.००. अगदी वीस. तोच सुवर्णाचा आकडा ठरला. वेशेला रौप्य, चीनच्या सोंग जियायुआनला १९.३२ वर कांस्य. मी एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि नवरा दचकून उठला.

आज सकाळी मैदानावर मुलींना हे सांगितलं. (मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडा शिक्षिका आहे. विद्यापीठापर्यंत गोळाच टाकला.) आठवीतली एक मुलगी गोळा फडक्यानं पुसत ऐकत होती. ती म्हणाली, "मॅडम, भिंतीवर तर बावीस त्रेसष्ट लिहिलंय. मग वीसला सोनं कसं? आत्ताच्या बायका कमी पडतात का?"

आमच्या साहित्याच्या खोलीच्या भिंतीवर मीच काही वर्षांपूर्वी ऑइलपेंटनं विश्वविक्रम लिहिले आहेत. महिला गोळाफेक, २२.६३. वर्ष लिहिलं नव्हतं. तिचा प्रश्न मनाला लागला, कारण चूक माझीच होती. तिला सांगितलं तेच इथे नीट मांडते. धागा काढायचं कारण एवढंच.

२२.६३ ही नताल्या लिसोव्स्कायाची फेक, मॉस्को, जून १९८७. सदतीस वर्षं झाली. ऑलिंपिक विक्रम त्याहून जुना, इलोना स्लुपियानेक, १९८० चं मॉस्को, २२.४१. आता सुवर्णाच्या फेका वर्षं लावून वाचा. १९८० ला २२.४१. १९८८ ला २२.२४. १९९६ ला २०.५६. २००० ला पुन्हा २०.५६. २००८ ला तिसऱ्यांदा २०.५६! २०१६ ला २०.६३. टोकियोत २०.५८. काल २०.००. गोळा तोच ४ किलोचा, वर्तुळ तेच २.१३५ मीटरचं. व्यायामशास्त्र पुढे गेलं, आहार सुधारला, चित्रफीत थांबवून प्रत्येक कोन तपासता येतो, आणि तरी आकडा दोन मीटरनं खाली.

मधे काय बदललं? उत्तेजकांची तपासणी. ऐंशीच्या दशकात, स्पर्धा नसताना अचानक घरी येऊन नमुना घेणं जवळपास नव्हतंच. पूर्व जर्मनीत तर हा सरकारी कार्यक्रम होता. बर्लिनची भिंत पडल्यावर त्याची कागदपत्रं बाहेर आली, खटले झाले. स्लुपियानेक १९७७ मध्ये युरोपियन चषकात सापडली, वर्षभराची बंदी भोगली, आणि पुढच्याच वर्षी युरोपियन विजेती झाली. लिसोव्स्कायावर अशी बंदी कधी आली नाही, हेही त्याच दमात सांगते. पण त्या काळातल्या कुठल्याच आकड्याला आजच्या तपासणीची कसोटी लागलेली नाही, आणि ती आता लावताही येणार नाही.

पुरुषांशी तुलना केली की हे जास्त उघड होतं. पुरुषांचा १९९० चा २३.१२ चा विक्रम २०२१ मध्ये रायन क्राउझरनं मोडला, मग स्वतःचाच पुढे नेत २३.५६ केला. बायकांचा विक्रम मात्र जागचा हलला नाही. पुरुषी संप्रेरकं बाईच्या शरीरात बाहेरून घातली की ताकदीत पडणारा फरक पुरुषाच्या मानानं कितीतरी मोठा असतो. म्हणून बायकांच्या फेकीच्या तक्त्यात तो काळ असा डोंगरासारखा दिसतो.

तर माझ्या आठवीतल्या मुलीला माझं उत्तर: कमी पडत नाहीत गं. कालचे वीस मीटर ओगुनलेयेच्या पायांतून, कमरेतून आणि मनगटातून आले. ते पूर्ण वीस आहेत.

---

मेघनाची_आई

मॅडम, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझी मुलगी सातवीत आहे, उंच आहे, खांदे रुंद आहेत. शाळेतल्या सरांनी तिला गोळाफेकीला घेतलंय आणि ती रोज हसत घरी येते. पण घरात सासूबाईंपासून सगळ्यांचं एकच, पोर आडदांड होईल, हात पुरुषासारखे होतील, धावायला घाला नाहीतर बॅडमिंटन. मी गप्प बसते, कारण मला यातलं काही कळत नाही. तुमचं वाचून अजून एक भीती आली. पुढे जायचं तर ती औषधं घ्यावीच लागतात का?

---

वर्तुळातली

ताई, नाही. हे मी ठामपणे सांगते. आणि भीती वाटली ते बरंच झालं, कारण कोणी 'ताकदीची पावडर' किंवा 'जीवनसत्त्वाची गोळी' पुढे केली की आईनंच पहिल्यांदा डबा उलटा करून वाचायचा असतो. पूर्व जर्मनीत हायडी क्रीगर नावाची मुलगी होती, १९८६ ची युरोपियन विजेती, २१.१०. सोळाव्या वर्षापासून तिला निळ्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या काय आहेत हे खेळाडूंना खरं सांगितलं जात नव्हतं. पुढे शरीर, मन, सगळ्यावर परिणाम झाले. आज ती व्यक्ती आंद्रेआस क्रीगर या नावानं जगते आणि उत्तेजकांविरुद्ध जाहीरपणे बोलते. त्या फेकीचा आकडा अजून पुस्तकात आहे. पोरीला काय भोगावं लागलं ते त्या रकान्यात मावत नाही.

शरीराबद्दल म्हणाल तर गोळ्यानं खांदे भरतात, मांड्या भरतात, पाठ ताठ होते. दळणाचा डबा एका हातात उचलते. यात वाईट काय आहे? ओगुनलेये आधी उंच उडी आणि हेप्टॅथलॉन करायची, गुडघ्याच्या दुखापतींनी ते सुटलं आणि ती गोळ्याकडे वळली. सासूबाईंना तिचा फोटो दाखवा.

---

जुनी_पानं

छान विषय. थोडं मागे जातो.

महिलांची गोळाफेक ऑलिंपिकमध्ये आली १९४८ ला, लंडनमध्ये. पुरुषांची १८९६ पासून होती. पहिलं सुवर्ण फ्रान्सच्या मिशलीन ओस्टरमेयरला, १३.७५ मीटर. तिनं तिथेच थाळीफेकीचंही सुवर्ण घेतलं, उंच उडीत कांस्य. आणि बाई पेशानं पियानोवादक! पॅरिसच्या संगीत विद्यालयातून शिकलेली. बोटं जपायची सोडून लोखंडाचा गोळा उचलला म्हणून तिला किती जणांनी ऐकवलं असेल. मेघनाच्या आईंच्या सासूबाईंसाठी हीही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पण मला खरं सांगायचं आहे ते २००४ चं. अथेन्स ऑलिंपिकची गोळाफेक, पुरुष आणि महिला दोन्ही, अथेन्समध्ये झालीच नाही. ती नेली प्राचीन ऑलिंपियात, जिथे अडीच हजार वर्षांपूर्वी मूळ खेळ व्हायचे. १८ ऑगस्ट २००४. खुर्च्या नाहीत, लोक गवताच्या उतारावर बसलेले. मोठे विजेचे फलक नाहीत, आकडे हातानं लावलेले. प्राचीन काळी त्या मैदानावर स्पर्धेत बाईला जागा नव्हती, विवाहित स्त्रीला नुसतं बघायलाही बंदी होती. आणि त्या सकाळी अमेरिकेची क्रिस्टिन हीस्टन वर्तुळात उभी राहिली, त्या जागेवर ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली बाई. मी ते थेट प्रक्षेपण पाहिलं होतं. अंगावर काटा आला होता.

आणि त्याच दिवसाचा शेवट बघा. रशियाची इरिना कोर्झानेन्को २१.०६ टाकून जिंकली. काही दिवसांत तिच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे उत्तेजक सापडलं आणि सुवर्ण काढून घेतलं. ते गेलं क्यूबाच्या युमिलेदी कुम्बाकडे, १९.५९. जर्मनीची नादिन क्लाइनर्ट १९.५५ वर रौप्य. कांस्य मिळालेली स्वेतलाना क्रिवेल्योवाही पुढे २०१२ मध्ये, जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासल्यावर बाद झाली. म्हणजे त्या पवित्र मैदानावर पहिल्यांदा बायका उतरल्या आणि त्या दिवसाचा निकाल आठ वर्षं पूर्ण झाला नाही.

---

स्पाइक्स

मला एक पटत नाही. जुने विक्रम संशयास्पद म्हणून भिंतीवरून पुसायचे, आणि आजचे मात्र शुद्ध धरायचे? तुम्हीच वर २००४ सांगितलं. तपासणी होती तरी पकडायला आठ वर्षं लागली. आपल्याकडेही मनप्रीत कौर २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई सुवर्ण जिंकली आणि मग उत्तेजकांमुळे ते गमावून चार वर्षं बाहेर बसली. मग कालचे वीस 'पूर्ण वीस' हे तुम्ही कशावरून म्हणता? विश्वास ठेवायचा तर सगळ्यांवर ठेवा, नाहीतर कोणावरच नको.

---

वर्तुळातली

प्रश्न रास्त आहे. सगळ्या शुद्ध असतात असं मी म्हणणार नाही. फरक मला असा दिसतो: आज नमुना दहा वर्षं जपून ठेवतात आणि नवी चाचणी आली की जुना नमुना पुन्हा काढतात. आज जिंकणारीच्या मानेवर ती तलवार दहा वर्षं असते. १९८७ ला नव्हती.

युरोपियन अ‍ॅथलेटिक्सनं २०१७ मध्ये याच मुद्द्यावर एक प्रस्ताव आणला होता. ज्यांचे नमुने जपलेले नाहीत, म्हणजे साधारण २००५ च्या आधीचे, ते विक्रम वेगळ्या यादीत ठेवायचे आणि नवी यादी सुरू करायची. खूप विरोध झाला, कारण त्यात प्रामाणिक खेळाडूंचे विक्रमही गेले असते. तो अमलात आला नाही. मलाही खोडणं पटत नाही. पुसायचं काही नाही, शेजारी वर्ष लिहायचं. मी ते लिहिलं नाही आणि एका तेरा वर्षांच्या मुलीला वाटलं की आजच्या बायका तिच्या आजीच्या पिढीपेक्षा कमजोर आहेत.

---

ऑकलंडकर

इथे न्यूझीलंडमध्ये बावीस वर्षं आहे, त्यामुळे हा धागा माझ्या दारातला वाटला. काल वेशेच्या रौप्याचं इथे सकाळी कौतुक चाललं होतं. पण इथे गोळाफेक म्हणजे व्हॅलेरी अ‍ॅडम्स. आई टोंगाची. उंची १.९३ मीटर. बीजिंगचं सुवर्ण, चार वेळा जगज्जेती, आणि २०१० ते २०१५ मध्ये ओळीनं ५६ स्पर्धा जिंकलेल्या.

लंडन २०१२ मला विसरता येत नाही. बेलारूसची नादेझ्दा ओस्टापचुक २१.३६ टाकून पहिली, अ‍ॅडम्स २०.७० वर दुसरी. व्यासपीठावरचा तिचा चेहरा आजही डोळ्यासमोर आहे. रौप्य गळ्यात, नजर खाली. ऑलिंपिक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी बातमी आली, ओस्टापचुक मेटेनोलोन या उत्तेजकात सापडली. सुवर्ण अ‍ॅडम्सचं. पण ते ऐंशी हजार लोकांसमोरचं राष्ट्रगीत? ते कुठून आणणार?

म्हणून सप्टेंबरमध्ये ऑकलंडला बंदरावरच्या 'द क्लाउड' या इमारतीत कार्यक्रम करून, गव्हर्नर जनरलांच्या हस्ते तिला पदक दिलं. मी आणि माझी बायको मुलाला खांद्यावर घेऊन गेलो होतो. राष्ट्रगीत सुरू झालं आणि एवढी धिप्पाड बाई ढसाढसा रडली. शेजारी उभी असलेली एक टोंगन आजी तिच्याबरोबर रडत होती. आम्हीही. आनंद होता, पण एखाद्याचं लग्न महिनाभरानं, मांडव उतरल्यावर लावावं तसं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

वर्तुळातली ताईंच्या मुद्द्याला एक जोड. २०११ ला देगूच्या जागतिक स्पर्धेत अ‍ॅडम्सनं २१.२४ टाकला. जागतिक स्पर्धेतला लिसोव्स्कायाचा १९८७ चा विक्रम नेमका तेवढाच होता, २१.२४. सेंटीमीटरला सेंटीमीटर. ती तिची आयुष्यातली सर्वोत्तम फेक. तिलासुद्धा २२.६३ ला १.३९ मीटर कमी पडतात.

---

वर्तुळातली

ऑकलंडकर, मांडव उतरल्यावरचं लग्न अगदी बरोबर. यात चीनच्या गोंग लिजियाओचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

२००८, बीजिंग, स्वतःच्या देशात ऑलिंपिक, वय एकोणीस. मैदानावर पाचवी. २०१२, मैदानावर चौथी. २०१६ रिओ, पुन्हा चौथी. मग जुने नमुने तपासले गेले. बीजिंगमधल्या दोघी बाद, पाचवीची तिसरी झाली. लंडनमधली ओस्टापचुक तेव्हाच बाद झाली होती, पुढे येवगेनिया कोलोडकोही बाद, चौथीची दुसरी झाली. म्हणजे दोन ऑलिंपिक पदकं, आणि त्या दोन्ही रात्री ही पोर रिकाम्या हातानं खोलीवर गेली होती. बीजिंगच्या घरच्या प्रेक्षकांनी तिला पदकासह कधी पाहिलंच नाही.

तरी ती टाकत राहिली. १ ऑगस्ट २०२१, टोकियो, वय बत्तीस, २०.५८, तिची तोवरची सर्वोत्तम फेक, आणि सुवर्ण. साथीमुळे मैदान रिकामं होतं. मी त्या दिवशी शाळेच्या ऑनलाइन वर्गात होते आणि मुलींना कॅमेरा बंद करून पाच मिनिटं हेच बघायला सांगितलं. त्याच स्पर्धेत अ‍ॅडम्स दोन मुलांची आई होऊन परतली होती, तिला कांस्य. कित्येक वर्षं चोरांच्या मागे उभ्या राहिलेल्या दोघी एका व्यासपीठावर.

---

निवृत्त_पंच

तीसेक वर्षं जिल्हा आणि राज्य पातळीवर फेकीच्या स्पर्धांना पंच होतो. विक्रमांचं तुम्ही बोललात, मी सेंटीमीटरचं बोलतो, कारण या खेळात सुवर्ण सेंटीमीटरवर जातं. १९८४ लॉस एंजेलिस: क्लाउडिया लोश २०.४८, मिहाएला लोघिन २०.४७. बोटाच्या नखाएवढा फरक.

आपल्याकडे मोजणी कशी होते ते पाहिलं की जीव तुटतो. टेपचा शून्य गोळ्याच्या खुणेच्या वर्तुळाकडच्या काठावर धरायचा. टेप वर्तुळाच्या केंद्रातून ओढायची. आकडा वाचायचा तो बोर्डाच्या आतल्या कडेवर. मिलिमीटर आले तर खालचा सेंटीमीटर धरायचा. एवढंच. पण केंद्रावर माणूस उभा करायचा कंटाळा करतात आणि टेप सरळ बोर्डाच्या मधोमध आणतात. समोर पडलेल्या फेकीला फरक पडत नाही. कडेच्या रेषेलगत पडलेल्या अकरा मीटरच्या फेकीला मात्र यात पाच सेंटीमीटर फुकट मिळतात. वहीवर काढून बघा.

एका जिल्हा स्पर्धेत, कुठली ते सांगत नाही, मी नुसता बघायला गेलो होतो. एक मुलगी तीन सेंटीमीटरनं दुसरी आली. पहिल्या मुलीची फेक उजव्या रेषेला खेटून पडली होती आणि टेप केंद्रातून नव्हती. मी सांगेपर्यंत खूण झाडून टाकली होती. दुसरी आलेली मुलगी राज्याला गेली नाही. तिला कोणी काही टोचलं नव्हतं, कोणी गोळी दिली नव्हती, तरी तिचं हक्काचं गेलं. तेव्हापासून केंद्रावर खिळा ठोकलेला दिसल्याशिवाय मी कुठल्याही मैदानावर सही केली नाही.

आखणीसाठी सोपी खूण: गोळा ज्या दोन रेषांच्या आत पडायला हवा, त्यांच्यातला कोन ३४.९२ अंशांचा. कोनमापक नको. केंद्रापासून १० मीटरवर दोन रेषांत ६ मीटर अंतर आलं पाहिजे. २० मीटरवर १२.

---

वर्तुळातली

काका, ६ मीटरचं माहीत होतं, पाच सेंटीमीटरचं खरंच माहीत नव्हतं. सोमवारी पहिलं काम, खिळा.

---

कोल्हापुरी_थ्रोअर

मॅडम, एक तांत्रिक विचारतो. काल पहिल्या तिघींच्या फेका पाहिल्या, त्याआधी पात्रता फेरीत दोनदा जगज्जेती झालेली अमेरिकेची चेस जॅक्सन बाहेर गेलेली पाहिली, आणि यंदाची इनडोअर जगज्जेती सारा मिटन अंतिम फेरीत पहिल्या आठांतही आली नाही. फिरून टाकणाऱ्यांचा हाच घोळ. जमलं तर वीस, नाही जमलं तर फाऊल. आपल्याकडे आता प्रत्येक गावातला पोरगा मोबाइलवर क्राउझर बघून फिरायला लागतो. मी अजून सगळ्यांना ग्लाइडच शिकवतो, म्हणजे न फिरता सरळ रेषेत सरकत टाकणं. गोंग ग्लाइडवर ऑलिंपिक जिंकली, मिशेल कार्टर रिओत ग्लाइडवर शेवटच्या फेकीत २०.६३ टाकून अ‍ॅडम्सच्या पुढे गेली. मी मागासलेला आहे का?

---

वर्तुळातली

सर, मुळीच नाही. मीही आधी जागेवरून, मग ग्लाइड असंच शिकवते. जागेवरून टाकताना पोरीला कळतं की गोळा हातानं नाही, उजव्या टाचेच्या वळणानं जातो. टाच फिरली, मग गुडघा, मग कंबर, आणि हात सगळ्यात शेवटी. हे अंगात भिनायच्या आधी फिरायला लावलं की मुलगी भोवऱ्यासारखी फिरते आणि गोळा कानामागून येतो. कोपर पडलं, गोळा मानेपासून सुटला, की खांदा गेलाच.

पण एक सांगते. बुटक्या, चपळ मुली असतात ना, ग्लाइडमध्ये ज्यांचा पल्ला कमी पडतो, त्यांना दोन वर्षांनी फिरकी दाखवायला हरकत नाही. वर्तुळ सगळ्यांना २.१३५ चंच आहे. उंच मुलगी त्यात सरळ रेषेत वेग मिळवते. कमी उंचीच्या मुलीला वेग मिळवायला गोल वाट लांब पडते आणि ती तिच्या फायद्याची. मात्र अठरा वर्षांखालील मुलींचा गोळा ३ किलोचा असतो, त्याच्या वर घाई नको. मोठा गोळा दिला की ताकद येते असं पालकांना वाटतं. मनगट येतं सुजून.

---

दादर_ते_बालेवाडी

सगळं जग फिरून झालं, आता आपल्याकडे येऊ का?

गेल्या वर्षी २९ सप्टेंबरला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मेरठच्या किरण बालियानला गोळाफेकीत कांस्य मिळालं. तिसऱ्या फेकीत १७.३६. वडील उत्तर प्रदेश पोलिसांत हेड कॉन्स्टेबल. गोंगला सुवर्ण १९.५८, सोंगला रौप्य १८.९२. सगळ्या पेपरांत आलं, '७२ वर्षांनी पदक'. पण ७२ वर्षांपूर्वी कोण होतं, हे किती जणांनी वाचलं? १९५१, नवी दिल्ली, पहिली आशियाई स्पर्धा, बार्बरा वेबस्टर, कांस्य. मुंबईची. आपल्या मुंबईची! मी आयुष्यभर दादरला राहिलो, शिवाजी पार्कावर क्रिकेटच्या पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ आहेत, आणि हे नाव मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी किरणच्या बातमीतल्या एका ओळीत भेटलं. शरम वाटली.

आणि आत्ताची आभा खाटुआ. मूळची बंगालची, खेळते महाराष्ट्राकडून. गेल्या वर्षी बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १८.०६ टाकून रौप्य. यंदा मे महिन्यात भुवनेश्वरला फेडरेशन चषकात १८.४१, राष्ट्रीय विक्रम. जागतिक क्रमवारीवरून पॅरिसला पात्र ठरली आणि अंतिम यादीत तिचं नाव नव्हतं. काल रात्री मी ती स्पर्धा पाहताना सारखा तिचाच विचार करत होतो. पदक मिळालं नसतं, मान्य. पण त्या वर्तुळात तीन फेका टाकायचा हक्क तिनं कमावला होता.

---

स्पाइक्स

दादर काका, बार्बरा वेबस्टर मलाही माहीत नव्हत्या. मॅडम, तुमच्या भिंतीवर त्यांचं नाव लिहा. आणि वर मी जरा तावातावानं बोललो. पंच काकांचं वाचून वाटलं की शुद्ध-अशुद्ध एवढ्यावरच भांडत बसलो तर टेप कोणी धरायची.

---

मेघनाची_आई

सासूबाईंना ओगुनलेयेचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हसते छान." आणि संध्याकाळी मेघनाला म्हणाल्या की आमच्या माहेरी विहिरीवरून दोन घागरी एकदम आणायचे, माझेही खांदे असेच होते. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

---

वर्तुळातली | १ सप्टेंबर २०२४

धागा वर काढते.

पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर आपला तिरंगा घेऊन कोण होतं, पाहिलंत ना? भाग्यश्री जाधव. आपल्या नांदेड जिल्ह्याची, महिला गोळाफेक, एफ३४ हा बसून टाकणाऱ्यांचा गट. काल तिची स्पर्धा होती. टोकियोत ७.०० मीटरवर सातवी होती. काल ७.२८ टाकून पाचवी आली.

आज रविवार असूनही सहा मुली मैदानावर आल्या होत्या, त्यांना मोबाइलवर दाखवलं. बसून टाकायचं असतं, खुर्चीसारख्या चौकटीला पट्ट्यांनी बांधून. आणि प्रत्येक खेळाडूच्या सगळ्या फेका लागोपाठ. आपल्यासारखं एक फेक टाकून सावलीत बसणं नाही. आठवीतली ती मुलगी म्हणाली, "मॅडम, टाच नाही फिरवायची?" म्हटलं, नाही, फक्त वरचं अंग. मग सहाच्या सहा जणी ओळीनं बाकावर बसून टाकून बघायला लागल्या. बाकावरून तीन किलोचा गोळा चार मीटरच्या पुढे एकीचाही गेला नाही. सगळ्या एकदम गप्प झाल्या, आणि मग कोणीतरी म्हणालं, "सात अठ्ठावीस!"

भिंत रंगवून झाली. २२.६३ तिथेच आहे, खाली 'मॉस्को १९८७'. त्याखाली 'पॅरिस २०२४, २०.००', 'राष्ट्रीय विक्रम, भुवनेश्वर २०२४, १८.४१', 'हांगझो, १७.३६', 'बार्बरा वेबस्टर, मुंबई, आशियाई कांस्य १९५१' आणि 'भाग्यश्री जाधव, नांदेड, ७.२८'. जागा उरली होती म्हणून शाळेचा विक्रमही लिहिला. तो आज सकाळचा आहे, आठवीतल्या त्याच मुलीचा, ३ किलो, ९.४१. केंद्रावर खिळा होता आणि टेप तिथून ओढून मीच वाचली.

---

निवृत्त_पंच

फेक कुठल्या बाजूला पडली होती?

---

वर्तुळातली

डाव्या रेषेपासून वीतभर आत, काका. म्हणून दोनदा मोजली.